हजेरीपटावरचे एकोणिसावे नाव

भोसरीच्या एका यंत्रसामग्रीच्या कारखान्यात सव्वीस वर्षे जमाखर्च लिहून झाल्यावर, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, 2019 च्या जून महिन्यात मी बाणेरच्या एका सदनिकेत थाटलेल्या नव्या कंपनीत लेखापाल म्हणून रुजू झालो, तेव्हा तेथील हजेरीपटावर माझे नाव एकोणिसावे होते. हा क्रमांक माझ्या स्मरणात पक्का राहिला, कारण त्याच्या पुढचाच क्रमांक माझ्या पहिल्या कामाचे निमित्त ठरला. कर्मचाऱ्यांची संख्या वीस झाली की 1952 चा भविष्यनिर्वाह निधीचा कायदा आस्थापनेस लागू होतो, ही गोष्ट कारखान्यातील कोणत्याही कारकुनास ठाऊक असते. पण या सदनिकेत, जेथे स्वयंपाकघराच्या ओट्यावर लॅपटॉप मांडून सत्तावीस वर्षांचा संस्थापक गुंतवणूकदारांशी बोलत असे, तेथे ती कोणालाच ठाऊक नव्हती. दहाव्या नावाबरोबर लागू झालेल्या गोष्टी, म्हणजे आपल्याकडे ज्याला सर्व जण अजूनही गुमास्ताच म्हणतात ती दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंदणी, ग्रॅच्युइटीचा 1972 चा कायदा आणि महिलांच्या तक्रारींसाठी 2013 च्या कायद्याने बंधनकारक केलेली अंतर्गत समिती, यांचीही दखल कोणी घेतली नव्हती. त्यात कपट नव्हते. दहावे नाव केव्हा आले आणि एकोणिसावे केव्हा, हेच कोणाच्या ध्यानी आले नव्हते. मधले अंतर अवघ्या चार महिन्यांचे होते.

पुढे तीन-साडेतीन वर्षे मी त्या कंपनीत काढली आणि तिचा हजेरीपट दोनशे चाळीस नावांपर्यंत वाढताना व नंतर आक्रसताना पाहिला. आज घरोघरची मुले-मुली अशा कंपन्यांत नोकरीस लागत आहेत, आईबापांना त्यांच्या पगाराचा आकडा कळतो पण कामाचे स्वरूप कळत नाही, आणि मुलांनाही ते पुष्कळदा उशिरा कळते. म्हणून हे लिहावेसे वाटले.

स्टार्टअप हा शब्द आता इतका सैल झाला आहे की कोणत्याही नव्या धंद्याला तो लावला जातो. कोपऱ्यावर उघडलेले किराणा दुकान हा नवा धंदा खरा, पण ते स्टार्टअप नव्हे. दुकानदार स्वतःची पुंजी किंवा बँकेचे कर्ज घालतो, पहिल्या नाही तरी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी नफा दिसावा अशी त्याची अपेक्षा असते, आणि दुकान चालले की त्यावर घर चालते. स्टार्टअपची रीत निराळी आहे. तेथे पैसा गुंतवणूकदारांचा असतो आणि तो कंपनीच्या मालकीतील हिश्श्याच्या बदल्यात आलेला असतो. तो व्याज मागत नाही, परंतु आज दहा कोटींची मानलेली कंपनी पाच-सात वर्षांत हजार कोटींची व्हावी असा त्याचा आग्रह असतो, कारण अनेक ठिकाणी घातलेल्या पैशांपैकी बहुतेक ठिकाणचा बुडणार हे गृहीत धरूनच तो घातलेला असतो, आणि उरलेल्या एक-दोन ठिकाणांनी त्या सगळ्यांची भरपाई करायची असते. म्हणून बेताने, आपल्या गतीने वाढणे हा मार्ग अशा कंपनीला, एकदा तो पैसा घेतल्यानंतर, मोकळा राहत नाही. केंद्र सरकारने 16 जानेवारी 2016 रोजी ‘स्टार्टअप इंडिया’ योजना सुरू केली आणि 2019 च्या अधिसूचनेत स्थापनेपासून दहा वर्षे व कोणत्याही वर्षी शंभर कोटींपेक्षा अधिक न गेलेली उलाढाल अशा मर्यादा घातल्या. पण त्या व्याख्येतही नावीन्य किंवा मोठ्या प्रमाणावर वाढू शकेल असा धंदा, ही अट आहेच.

वाढीची ही घाई आपल्याकडे तशी नवी आहे. 1981 साली सात अभियंत्यांनी पुण्यात दहा हजार रुपयांच्या भांडवलावर इन्फोसिस सुरू केली, तेव्हा संगणक आयात करण्याच्या परवान्यासाठी आणि दूरध्वनीच्या जोडणीसाठी दिल्लीच्या दप्तरांत खेटे घालत ताटकळावे लागे. त्या काळी कोणाला दर सहा महिन्यांनी दुप्पट व्हायचे असते, तरी ते शक्य नव्हते. आता संगणकाची ताकद भाड्याने मिनिटांत मिळते, गुंतवणूक अनुकूल वर्षात काही आठवड्यांत उभी राहते, आणि जाहिरात एका बोटासरशी लाखो लोकांपर्यंत जाते. बाहेरचे सगळे लगाम असे सुटल्यावर एकच लगाम उरतो, तो काम करणाऱ्या माणसांच्या कुवतीचा; आणि वेगाने वाढणाऱ्या कंपनीतील सुखदुःखांचे मूळ मला याच एका गोष्टीत दिसत आले आहे.

आमची कंपनी भाजी घरपोच देत असे. रात्री दहापर्यंत मोबाइलवर मागणी नोंदवायची आणि सकाळी सातच्या आत पिशवी दारात, असा करार. मी रुजू झालो तेव्हा रोजच्या मागण्या तीनशेच्या घरात होत्या. महिनाअखेरीस मी पहिला हिशेब मांडला तेव्हा असे निघाले की एका मागणीचे सरासरी 340 रुपये येतात आणि भाजीची खरेदी, वाहतूक, निवडणे-वजन करणे, पिशवी, पोहोचवणाऱ्या मुलाचे पैसे, ग्राहकाला दिलेली सवलत व फेकलेला माल हे सगळे धरून 381 रुपये जातात. एका पिशवीमागे एक्केचाळीस रुपयांचा तोटा. तीनशे पिशव्यांवर दिवसाला 12,300. भोसरीत असा ताळा निघाला असता तर मालकाने त्याच दिवशी तो माल बंद केला असता. संस्थापकाने माझा कागद लक्षपूर्वक वाचला आणि सांगितले, “काका, एका गाडीत आज वीस पिशव्या जातात. पंचेचाळीस गेल्या की डिझेल तेवढंच, ड्रायव्हर तोच. म्हणून आधी वाढायला हवं.”

हे म्हणणे खोटे नव्हते, हे मला मुद्दाम नोंदवायचे आहे, कारण बाहेरचा माणूस अशा हिशेबांना वेडेपणा म्हणून मोकळा होतो. औंध-कोथरूडला जेथे मागण्या दाट झाल्या, तेथे पिशवीमागचा तोटा वर्षभरात सव्वीस रुपयांवर आला. परंतु गुंतवणूकदारांना दाखवायची वाढ केवळ औंध-कोथरूडमध्ये मिळणारी नव्हती. म्हणून वाघोली, हडपसर, रावेत असे नवे भाग उघडावे लागत, तेथे पहिल्या दिवशी गाडीत सात पिशव्या असत आणि तोटा सत्तर रुपयांपासून सुरू होई. जुन्या भागाने जेवढे कमावले तेवढे नव्याने खाल्ले, आणि सरासरी होती तेथेच राहिली. रोजच्या मागण्या सहा हजारांवर गेल्या तेव्हा एक्केचाळीस रुपयांच्या त्याच दराने दिवसाचा तोटा 2,46,000 रुपये झाला होता. बँकेतील शिल्लक भागिले महिन्याचा निव्वळ खर्च, म्हणजे ही कंपनी आणखी किती महिने जगेल याचा आकडा, त्याला तेथे सर्व जण ‘रनवे’ म्हणत. कारखान्यात असताना मी वर्षातून एकदा ताळेबंद करीत असे. येथे दर सोमवारी सकाळी हा एक आकडा संस्थापकाच्या हाती देणे हे माझे मुख्य काम होऊन बसले. तो आकडा आम्हां दोघा-तिघांखेरीज कोणास माहीत नसे. ज्यांच्या घराचे हप्ते त्यावर अवलंबून होते त्यांना तो कधी सांगितला जात नसे, आणि त्यांनीही तो कधी विचारला नाही.

सहा हजारांचा टप्पा आला तो मात्र कोणाच्या योजनेने नव्हे. 25 मार्च 2020 रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली, मंडई बंद पडल्या, आणि ज्यांनी आयुष्यात कधी मोबाइलवरून भाजी मागवली नव्हती अशा घरांतून मागण्यांचा लोंढा सुरू झाला. तीन दिवसांत नऊशेच्या चार हजार झाल्या. त्या दिवसांतील काम मी कधी विसरणार नाही. सांगलीहून आलेली एक चोवीस वर्षांची मुलगी, हजेरीपटावरचे सहावे नाव, पोलिसांकडून गाड्यांचे पास मिळवण्यापासून सॅनिटायझरचे डबे गोदामात पोहोचवण्यापर्यंत सर्व काही बघत होती. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची तिने स्वतंत्र यादी केली होती आणि त्यांच्या पिशव्या सर्वांत आधी निघतील अशी तजवीज ती रोज पहाटे स्वतः उभी राहून करीत असे. आठवड्याचे किती तास झाले हे तिला विचारण्याची सोय नव्हती. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घालतो आणि त्यापुढच्या कामास दुप्पट दर देतो. तो आकडा आमच्याकडे आठवडा संपण्याच्या आधीच ओलांडला जाई. तरी त्या दोन महिन्यांत कोणी कुरकुर केल्याचे मला आठवत नाही. आपण केलेले काम संध्याकाळपर्यंत कोणाच्या तरी ताटात पडले हे प्रत्येकाला दिसत होते, आणि चुकले तर काय चुकले हेही दुसऱ्या दिवशी सकाळी कळत होते.

2023 च्या ऑक्टोबरात इन्फोसिसचे एक संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावे असे म्हटले आणि देशभर वाद झडला, तेव्हा मला राहून राहून वाटले की आपण चुकीचे माप धरले आहे. तेच सत्तर तास 2020 च्या एप्रिलात त्या मुलीने स्वखुशीने दिले होते, आणि तेच सत्तर तास 2021 च्या डिसेंबरात तिला आतून पोखरीत होते. मधल्या काळात घड्याळ बदलले नव्हते, तिचे काम बदलले होते.

ते कसे बदलले, हे सांगायचे तर आधी गोदामात जावे लागेल. मांजरीच्या आमच्या गोदामात पहाटे तीनच्या सुमारास नारायणगावहून टोमॅटोचे वीस-वीस किलोंचे क्रेट उतरत. तेथे एक मावशी होत्या. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पंधरा वर्षे माल निवडण्याचे काम केलेल्या. बल्बच्या पिवळ्या उजेडात त्या पाटावर बसत, टोमॅटो उचलून देठाजवळ अंगठ्याने हलकेच दाबत, आणि न बघता तो तीनांपैकी एका ढिगात टाकत: आजचा, परवाचा, फेकायचा. एका क्रेटला त्यांना चार मिनिटे लागत. तीनशे मागण्यांपर्यंत त्यांच्या एका अंगठ्यावर कंपनीची पत उभी होती, असे म्हटले तरी चालेल. चार हजार मागण्या झाल्या तेव्हा वीस नव्या बायका घेतल्या आणि मावशींनी त्यांना शिकवावे असे ठरले. म्हणजे ज्या एका बाईला काम येत होते तिने काम करणे थांबवले, आणि ज्यांना येत नव्हते त्या वीस जणी करू लागल्या. तक्रारी तिपटीने वाढल्या. मग एका मोठ्या कंपनीतून आलेल्या व्यवस्थापकांनी पिकण्याच्या सहा पायऱ्यांची रंगीत चित्रे छापून भिंतीवर लावली. मावशींनी तो कागद नीट निरखून पाहिला आणि मला म्हणाल्या, “काका, रंग वरून दिसतो हो. देठाखाली कुजायला लागला तरी वरून लालच दिसतो तो.”

वाढीचा हा पेच संगणकाच्या क्षेत्रात पुष्कळ आधी कोणी तरी ओळखून ठेवला आहे. आयबीएममध्ये मोठा प्रकल्प चालवलेल्या फ्रेडरिक ब्रुक्स या अमेरिकन अभियंत्याने 1975 साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात दाखवले की उशीर झालेल्या कामावर आणखी माणसे घातली तर ते आणखी उशिरा होते. कारण नव्या माणसांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि माणसे वाढतात त्यापेक्षा त्यांच्यातील परस्परसंबंध कितीतरी अधिक वेगाने वाढतात. हा हिशेब कोणालाही करता येईल. एकोणीस माणसांत दोघा-दोघांच्या जोड्या होतात 171. दोनशे चाळीस माणसांत 28,680. सदनिकेत असताना कोणी फोनवर ग्राहकाची माफी मागितली तर ती शेजारच्या खोलीत ऐकू जाई आणि चूक लगेच दुरुस्त होई. बालेवाडीच्या दोन मजली कार्यालयात तीच माफी नोंदवण्यासाठी एक अर्ज, तो वाचण्यासाठी एक विभाग आणि त्या विभागाचा आढावा घेण्यासाठी मंगळवारची एक बैठक लागू लागली. हे सगळे अनावश्यक होते असे मी म्हणणार नाही. दोनशे चाळीस माणसे ओट्याभोवती उभी राहू शकत नाहीत. दुःख एवढेच की एक घडी बसते न बसते तोच संख्या दुप्पट होई, आणि बसलेली घडी पुन्हा मोडावी लागे. फ्लिपकार्टसारख्या सुस्थिर म्हणवणाऱ्या कंपनीलाही हे चुकले नाही. 6 ऑक्टोबर 2014 रोजी त्यांनी पहिला ‘बिग बिलियन डे’ केला, दहा तासांत सुमारे सहाशे कोटी रुपयांची विक्री झाली आणि त्या भाराखाली त्यांची यंत्रणा डळमळली. दुसऱ्या दिवशी दोन्ही संस्थापकांना ग्राहकांची लेखी क्षमा मागावी लागली.

माणसांच्या एकमेकांना हाक मारण्यावरून मी आमच्या कंपनीचे वय ओळखीत असे. सदनिकेच्या काळात संस्थापकाला सर्व जण एकेरी नावाने हाक मारीत, मला काका म्हणत, गोदामातल्या बायकांना मावशी आणि सांगलीच्या मुलीला, वयाने मोठी असलेली गाड्यांवरची माणसेसुद्धा, ताई म्हणत. साठ-सत्तर माणसे झाली तेव्हा बाहेरून आलेल्या वरिष्ठांमागे ‘सर’ लागले. दीडशे झाली तेव्हा एके दिवशी लिफ्टमध्ये एका नव्या मुलाने मला विचारले, “आपण कोणत्या टीमला?” त्याचे काही चुकले नव्हते. पण सांगलीच्या मुलीच्या बाबतीत हा बदल फार खोल गेला. पहिल्या वर्षी ती ग्राहकांचे फोन घेई, पिशव्यांची खरेदी करी, मोबाइलवरचा मजकूर लिही, रात्री माझ्याबरोबर बसून व्हाउचरही लावी. कामाला नाव नव्हते, म्हणून हुद्दाही नव्हता. विभाग पडले तेव्हा तिच्या प्रत्येक कामासाठी त्या कामाचा दहा वर्षांचा अनुभव असलेला एकेक अधिकारी आला, आणि सगळे थोडे थोडे येणारी ही मुलगी कोणत्याच चौकटीत पुरती बसेना. शेवटी तिला ग्राहकसेवा विभागात तिसऱ्या पायरीवरचा हुद्दा मिळाला. म्हाताऱ्या माणसांची ती यादी नव्या प्रणालीत बसत नाही म्हणून रद्द झाल्याचे तिला एका बैठकीच्या इतिवृत्तातून कळले. त्या बैठकीला तिला बोलावलेले नव्हते. जलद वाढणाऱ्या कंपनीत पहिल्या वीस-पंचवीस माणसांच्या वाट्याला हे फार वेळा येते. कंपनीला त्यांची गरज सर्वांत अधिक असते त्या काळात त्यांना कशात तरी तज्ज्ञ होण्याची उसंत मिळत नाही, आणि उसंत मिळते तेव्हा तज्ज्ञ बाहेरून आलेले असतात.

या सगळ्याच्या बदल्यात म्हणून जे दिले जाते त्याला तेथील भाषेत ‘ईसॉप’ म्हणतात, आणि त्याविषयी आपल्या मध्यमवर्गीय घरांत इतके अज्ञान आहे की थोडे थांबून सांगितले पाहिजे. कंपनी कर्मचाऱ्याला शेअर देत नाही. पुढे ठरलेल्या किमतीला शेअर विकत घेण्याचा हक्क देते. तो हक्कही हळूहळू पक्का होतो. मंजुरीनंतर किमान एक वर्ष गेल्याखेरीज त्यातला काहीच पक्का होऊ शकत नाही, असा कंपनी कायद्याखालील 2014 च्या नियमांचाच दंडक आहे, आणि बहुतेक कंपन्या चार वर्षांची मुदत ठेवतात. हे सोने होऊ शकते, यात शंका नाही. चेन्नईत 2010 साली सुरू झालेली फ्रेशवर्क्स सप्टेंबर 2021 मध्ये अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात उतरली, तेव्हा तिचे पाचशेहून अधिक कर्मचारी कोट्यधीश झाले. फ्लिपकार्टनेही 2023 मध्ये फोनपे वेगळी झाल्यानंतर आपल्या हक्कधारक कर्मचाऱ्यांना सुमारे सत्तर कोटी डॉलर रोख दिले. पण या दोन्ही ठिकाणी कागदाचे पैसे झाले, कारण कोणी तरी खरा खरेदीदार उभा राहिला. ज्या कंपनीचा शेअर बाजारात नाही तिची ‘किंमत’ म्हणजे शेवटच्या गुंतवणूकदाराने काही थोड्या शेअरांना दिलेला भाव गुणिले एकूण शेअर, एवढेच असते. 2022 मध्ये बावीस अब्ज डॉलरची मानली गेलेली बायजूज 2024 च्या जुलैत दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, हे सर्वांनी पाहिले.

त्यात आणखी एक कलम असते, जे नेमणूकपत्रात कधीच दिसत नाही. कंपनी विकली गेली तर गुंतवणूकदारांचे मुद्दल बहुधा आधी फेडायचे असते. दीडशे कोटी गुंतवलेली कंपनी एकशे साठ कोटींना विकली, तर वर्तमानपत्रात एकशे साठ कोटींचा सौदा म्हणून बातमी येते आणि संस्थापकांसह सगळ्या कर्मचाऱ्यांच्या वाट्याला मिळून दहा कोटी उरतात.

वाढीच्या या कथेत ज्यांची नावे हजेरीपटावर कधी आलीच नाहीत त्यांच्याविषयी न लिहिले तर माझ्या हातून अन्याय होईल. दारात पिशवी ठेवणारी आमची तीनशे-साडेतीनशे मुले कायद्याने आमची कर्मचारी नव्हती. ती ‘भागीदार’ होती, पिशवीमागे पैसे घेणारी, स्वतःची मोटारसायकल व स्वतःचे पेट्रोल वापरणारी. वाढीचा दर घसरला की पहिला फेरफार त्यांच्या पिशवीमागच्या दरात होई, आणि तो मोबाइलवरच्या एका संदेशाने होई. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने या कामगारांना प्रथमच व्याख्येत आणले, राजस्थानने 2023 मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा केला. पण पावसाळ्यात मुळा नदीच्या पुलावर घसरून पडलेल्या आमच्या एका मुलाच्या रुग्णालयाचे देयक कोणत्या खाती टाकावे हा प्रश्न माझ्यासमोर आला तेव्हा माझ्या खतावणीत त्यासाठी खाते नव्हते. ‘किरकोळ खर्च’ या खाती मी ते लिहिले. अजूनही तो शब्द लिहिल्याची मला लाज वाटते.

2021 मध्ये देशात एका वर्षात चाळीसहून अधिक कंपन्या अब्ज डॉलरच्या पंक्तीत जाऊन बसल्या, आणि पैसा कधी आटणार नाही असे वातावरण होते. आम्हीही त्या वर्षी नव्वद माणसे घेतली. 2022 च्या उन्हाळ्यात तो आटला. व्याजदर जगभर वाढले, परदेशी गुंतवणूकदारांनी हात आखडले, आणि आमची ठरत आलेली फेरी लांबत लांबत बंद झाली. माझ्या सोमवारच्या कागदावरचा आकडा अकरावरून सातवर, सातवरून चारवर आला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात संस्थापकाने मला रात्री थांबवून घेतले आणि शहाण्णव नावांची यादी दिली. महासाथीच्या पहिल्या तडाख्यात, मे 2020 मध्ये, स्विगीने अकराशे आणि ओलाने चौदाशे माणसे कमी केल्याचे मी वर्तमानपत्रात वाचले होते. पण आपल्या हाताने नावे लिहिलेल्या हजेरीपटावरची शहाण्णव नावे आपल्याच हाताने खोडायची, हे निराळे असते. तीन रात्री मी त्यांचे शेवटचे हिशेब केले: एका महिन्याचा नोटिशीचा पगार, उरलेली रजा, भविष्यनिर्वाह निधी. ग्रॅच्युइटीचा रकाना मी सवयीने आखला होता. तो शहाण्णवच्या शहाण्णव ओळींत कोरा राहिला, कारण त्या हक्काला पाच वर्षांची सलग नोकरी लागते आणि आमची कंपनीच पुरती चार वर्षांची नव्हती.

यादीत हजेरीपटावरचे ते सहावे नाव होते, सांगलीच्या मुलीचे. तिच्या नावावर दोन हजार शेअरांचा हक्क मंजूर होता. अडीच वर्षांत त्यातले साडेबाराशे पक्के झाले होते. खरेदीची किंमत दहा रुपये, शेवटच्या मूल्यांकनाचा भाव चारशे दहा. नोकरी सुटल्यापासून नव्वद दिवसांत घ्यायचे, नाही तर हक्क संपला. ती माझ्यासमोर खुर्चीत बसली आणि म्हणाली, “काका, साडेबारा हजारच भरायचेत ना? भरते मी.” तेव्हा मला तिला सांगावे लागले की चारशे दहा आणि दहा यांतला फरक, म्हणजे शेअरामागे चारशे रुपये, एकूण पाच लाख, हे आयकराच्या दृष्टीने तिचे वेतन आहे, त्यावर लाखाहून अधिक कर आजच, हातात एक रुपयाही न येता, भरावा लागेल, तो कर पुढे ढकलण्याची सवलत 2020 च्या वित्त कायद्याने काही विशिष्ट मान्यताप्राप्त कंपन्यांतील कर्मचाऱ्यांना दिली खरी, परंतु नोकरी सुटताच तीही संपते, आणि हे शेअर विकत घेणारा आज कोणीही नाही. बराच वेळ ती कागदाकडे पाहत राहिली. मग तिने विचारले, “बँकेत किती महिन्यांचे पैसे आहेत, काका?” तीन वर्षांत हजेरीपटावरच्या कोणी मला हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला होता. त्याचे उत्तर देण्याचा मला अधिकार नव्हता. मी दिले. तिने शेअर घेतले नाहीत.

त्या डिसेंबरात मीही कंपनी सोडली. कंपनी अजून आहे. तीन भागांपुरती, साठ माणसांची, आणि पिशवीमागे चार रुपये नफ्यात आहे असे ऐकतो. मावशी पुन्हा मार्केट यार्डात गेल्या.

गेल्या पावसाळ्यात एके दुपारी सांगलीच्या मुलीचा फोन आला. एका नव्या कंपनीत मुलाखतीला गेली होती, तेराच माणसे होती, ही चौदावी. जिन्यात उभी राहून बोलत होती, मागे कोणाच्या तरी पावलांचा आवाज येत होता. “काका, सगळं विचारलं मी. गुंतवणूकदारांचं मुद्दल आधी फेडायचंय का, नोकरी सोडली तर किती दिवसांत शेअर घ्यायचे, सगळं. आणि बँकेत किती महिन्यांचे पैसे आहेत तेही. चौदा महिने म्हणाले.”

मी विचारले, “कोणत्या खर्चानं गं? आजच्या, की ती नवी चाळीस माणसं घेतल्यानंतरच्या?”

ती क्षणभर गप्प झाली. “थांबा हं काका,” ती म्हणाली, आणि फोन तसाच चालू ठेवून पुन्हा जिना चढू लागली.